रबरी सुटाला करडईचं तेल

मी धरणावर नोकरीला होतो असं सांगितलं की समोरचा माणूस आदराने विचारतो, "बांधायला होता का?" मग सांगावं लागतं की धरण माझ्या आधीच बांधून झालं होतं. "मग दरवाजे उघडायला?" तेही नाही. पाण्यात उतरणाऱ्या माणसांना मी कपडे घालत असे. इथे समोरच्याचा आदर बराचसा ओसरतो. मला मात्र त्या कामाचा अजून अभिमान वाटतो, म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी विचारल्यावर मी जास्त आढेवेढे घेतले नाहीत.

मी मूळचा सांगलीचा. विश्रामबागेत चुलत्यांचं टायर-ट्यूबचं दुकान होतं, तिथे पंक्चर काढण्यात माझं सगळं पोरवय गेलं. एकदा मुंबईच्या एका कंत्राटदाराचा माणूस हवेची फाटकी नळी घेऊन आला. त्याचे पाणबुडे साताऱ्याच्या डोंगरात एका धरणावर काम करत. मी लावलेलं ठिगळ त्यांना इतकं आवडलं की ठिगळासकट मलाही ते घेऊन गेले. धरणाच्या दरवाजांपुढच्या जाळ्या साफ करणं, दरवाजांची रबरं तपासणं अशी कामं पाण्याखाली चालत. मी काठावर असे. हवेची नळी, कमरेची दोरी आणि अंगातला सूट, या तीन गोष्टी माझ्या ताब्यात.

सूट म्हणजे रबरी. पायांतून ओढून चढवायच्या विजारीसारखा एक भाग, तो पुढे छातीपर्यंत येई, आणि वर चेन लावायची बंडी. जाड, काळं, स्पंजासारखं रबर, आतून कापडाचं अस्तर. लोकांना वाटायचं की हा घातला की आतला माणूस कोरडा राहतो. तसं मुळीच नसतं. पाणी आत शिरतंच. मात्र सूट अंगाला इतका घट्ट असतो की थोडंसंच शिरतं, आणि शिरलेलं जागचं हलत नाही. अंगाच्या उबेने ते कोमट होतं आणि माणूस त्या कोमट पाण्याच्या पातळ थरात गुंडाळल्यासारखा राहतो. सूट फाटला की हे ऊन पाणी बाहेर जातं, त्याच्या जागी गार पाणी येतं, आणि माणसाचं अंग पुन्हा पुन्हा तेच पाणी तापवत बसतं. महाबळेश्वरच्या बाजूला पडलेला पाऊस त्या जलाशयात साठून राही. थंडीत खाली उतरलं की बोटं वळायची थांबत. बोटं वळली नाहीत की दोरी ओढून खूण करता येत नाही, आणि खूण आली नाही की काठावरच्या माणसाला काही कळत नाही.

आता हा सूट फाटतो कशाने? खडकाने, खिळ्याने, जाळीच्या गंजक्या कडेने असं कुणीही म्हणेल. माझा अनुभव असा की दहातल्या नऊ वेळा सूट काठावरच फाटतो, घालताना, आणि तो माणसाच्या नखाने फाटतो. घट्ट विजार वर येत नाही म्हणून माणूस ती चिमटीत धरून ओढतो, नख रबरात घुसतं आणि चंद्रकोरीसारखी चीर पडते. तेव्हा ती दिसतही नाही. पाण्यात अंग वाकलं की तिचं तोंड उघडतं.

म्हणून माझे नियम होते. अंगठी, कडं, ताईत, घड्याळ काढून ठेवायचं. अंगाला भरपूर पावडर लावायची. विजार आधी खालपर्यंत दुमडून घ्यायची आणि बोटांच्या मऊ भागाने थोडी थोडी वर सरकवायची, घाई नाही. आणि सर्वांत आधी हात पुढे करून मला नखं दाखवायची. मिशीवाले, लष्करात राहिलेले गडी माझ्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे हात पसरून उभे राहत. त्यामुळे धरणावरच्या आमच्या कॅम्पात माझं नाव 'नखमास्तर' पडलं. माझ्या पाठीमागे नव्हे, तोंडावरच.

माझं खरं भांडण एकाच नखाशी होतं. आमच्या भागातले तंबाखू खाणारे बहुतेक गडी उजव्या अंगठ्याचं नख वाढवतात, डबीतला चुना काढायला. हे नख त्यांना मिशीइतकं प्यारं. कापा म्हटलं की चेहरा असा करायचे की मी बोटच मागतोय. सांगलीचा एक फोटोग्राफर एकदा धरण बघायला आला आणि सूट घालून फोटो काढून घ्यायची गळ घालून बसला. त्याला नखं विचारली तर म्हणाला, "मी काय पाण्यात उतरणार आहे होय?" मी भीड मोडू शकलो नाही. फोटो झकास आला. सुटाच्या काखेत मात्र आरपार चीर पडली होती, आणि ती सांधण्यात माझा पुढचा रविवार गेला.

सांधायची रीत सायकलच्या ट्यूबसारखीच, फक्त धीर जास्त लागतो. चीर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायची. चिरेच्या दोन्ही ओठांना सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा हात. बोट लावलं तर चिकट लागेल पण बोटाला काही येणार नाही, इतकं वाळलं की ओठाला ओठ अचूक लावून दाबायचं. एकदा चिकटलं की पुन्हा उचलायचं नाही. मग आतल्या अस्तराला बारीक टाके, सुई रबरापर्यंत जाऊ न देता. आणि त्यानंतर त्याला हात न लावता ठेवून द्यायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण हात लावून बघायची इच्छा प्रत्येकाला होते.

आता श्रीपतीची गोष्ट सांगतो.

श्रीपती आमचा सर्वांत चांगला पाणबुड्या. जत तालुक्यातला, जिथे प्यायला टँकर येतो त्या गावचा. पोहायला शिकला तो नेव्हीत गेल्यावर. देहाने दांडगा, त्याला एकच सूट बसे, तो त्याच्या मापाने मागवलेला. दुसरा सूट होता, पण तो श्रीपतीच्या मांडीवरच अडायचा. दुसरा पाणबुड्या या गोष्टीच्या वेळी रजेवर गावी गेला होता.

दुष्काळाची ती वर्षं. गावाकडे मेंढरं पाहुण्यांच्या कळपात घालून श्रीपतीचे वडील, तात्या, लेकाकडे कॅम्पावर राहायला आले. सत्तरीच्या आतबाहेरचा, ताठ कण्याचा म्हातारा. उभी हयात विहिरीवर मोट हाकण्यात गेलेली. पहिल्या दिवशी जलाशयाच्या काठावर उभे राहिले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघत राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, एवढं पाणी एका जागी बरं न्हवं. नजर लागती."

थंडी ऐन भरात असताना एक मोठा ओंडका वाहत येऊन दरवाजाच्या खाचेत अडकला. दरवाजा पुरता बंद होईना. पाणी रात्रंदिवस खाली निघून चाललं, आणि उन्हाळा तर पुढेच होता. श्रीपती करवत घेऊन खाली गेला. गेला आणि नेहमीपेक्षा फार लवकर दोरीला ओढ आली. ओढ कसली, नुसती थरथर. आम्ही त्याला वर घेतला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि करवत खालीच सुटली होती. दात इतके वाजत होते की शब्द फुटेना. बंडी उघडली तर सगळं गारेगार पाणी भळभळून बाहेर आलं. कमरेच्या मागे वीतभर चीर. नखाने पडलेली कोर खाली वाकताना लांबत गेली होती.

तात्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते पाणी पाहिलं.

"आरं, ह्यात पाणी घुसलंय की!" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "मास्तर, ह्याला मग घालून उपेग काय?"

मी श्रीपतीला घोंगडीत गुंडाळता गुंडाळता सांगायला लागलो, "आवं तात्या, पाणी आत येणारच. यायलाच पाहिजे. फक्त ते आत थांबलं पाहिजे."

तात्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. गळकी मोट विकून वर 'गळायलाच पाहिजे' म्हणणाऱ्या माणसाकडे शेतकरी ज्या नजरेने बघेल, तीच. त्यांनी वाद घातला नाही. लेकाचे तळवे चोळत बसले.

श्रीपती चुलीपाशी तासाभरात माणसात आला. मी त्याचा अंगठा धरून सगळ्यांसमोर वर केला. नख हे एवढं. त्या सकाळच्या घाईत मी त्याचे हात बघितलेच नव्हते.

"कापतो म्हणालो हुतो की," तो ओशाळून म्हणाला.

"कधी?"

"कापणारच हुतो, मास्तर."

दरवाजाच्या कामावरचे इंजिनिअर साहेब भले माणूस होते. "सूट तयार होईल तेव्हाच उतरवा," म्हणाले, पण सारखे पाण्याच्या पातळीच्या पट्टीकडे बघत होते. मी त्याच संध्याकाळी सूट धुऊन वाळत टाकला, सकाळी चीर सांधली, टाके घातले आणि सूट स्टोअरमध्ये जाड बांबूवर पसरून ठेवला. कुणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि हरवलेल्या करवतीऐवजी नवी आणायला साताऱ्याला गेलो.

दुपारी परत आलो तर स्टोअरमधून भजी तळल्यासारखा वास येत होता.

दार ढकललं. सूट बांबूवर होता, आणि असा चकाकत होता की त्यात माझा चेहरा दिसला असता. खाली चिंधी, शेजारी करडईच्या तेलाची रिकामी बाटली आणि मांडी घालून बसलेले तात्या. कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले, चेहऱ्यावर समाधान.

"या मास्तर," ते म्हणाले. "आतनं, बाह्यरनं, दोन्हीकडनं चोपडलं. मोटंला असंच लावत हुतो आमी. तुमी जोडल्यालं हाय तिथं तर लय जिरवलंय. आता थेंब जायाचा न्हाई आत."

मी पुढे होऊन जोड पाहिला. दोन बोटांनी नुसता स्पर्श केला आणि तो उघडला. ओल्या सोल्युशनची शेंबडासारखी तार लोंबायला लागली.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडात जे शब्द आले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नव्हते. ते मी गिळले, कारण म्हाताऱ्याचे डोळे. हा माणूस गावाहून येताना ती बाटली घेऊन आला होता, सुनेला फोडणीसाठी. सगळी लेकाच्या सुटावर ओतली होती. ज्या कातड्याच्या भरवशावर लेक एवढ्या पाण्यात जातो ते कातडं मऊ आणि घट्ट राहावं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्यांच्या आयुष्यात ते खरंही होतं. कातड्याची मोट तेलानेच टिकते. रबराच्या जोडाला मात्र तेलासारखा वैरी नाही. तेल लागलेल्या जागी सोल्युशन धरतच नाही.

तेवढ्यात श्रीपती आला. आधी तो पोट धरून हसला. मग जोड पाहिला आणि हसायचा थांबला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," तो म्हणाला. "असाच जातो उद्या. दहा-पंधरा मिंटांचं काम ऱ्हायलंय."

"असं नाही जायचं."

"पानी चाललंय न्हवं सगळं खाली?"

"चालू दे. तुला मी दोरी बांधणार नाही."

तात्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना हळूहळू उमगत गेलं. तेलकट हात त्यांनी मांडीवरून उचलले आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. "म्हंजी मी वंगाळ केलं व्हय?" त्यांनी विचारलं. "आता माझ्यामुळं पोरगं गारठंल?"

मी म्हटलं, "तात्या, तेल काढू या."

बोललो खरा, पण कसं काढायचं ते मला ठाऊक नव्हतं. ट्यूबला तेल लागलं की आम्ही दुकानात पेट्रोलची चिंधी फिरवायचो. हा स्पंज आणि अस्तर, दोन्हींत तेल जिरलेलं. पेट्रोलने चिंब केला असता तर सुटाचंच काय झालं असतं कुणास ठाऊक. उत्तर श्रीपतीच्या बायकोने दिलं. शेवंता दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "भावजी, दिवाळीला ह्यास्नी तेल लावून न्हाऊ घालतोच की मी. ह्याला घालूया."

आणि आम्ही त्या सुटाला खरोखर न्हाऊ घातलं. शेवंताने रिठे उकळून त्यांचं पाणी काढलं, कोमट होऊ दिलं. मोठ्या घंगाळात सूट बुडवला. अस्तराच्या बाजूला हरभऱ्याचं पीठ हलक्या हाताने चोळलं, उलटा केला, सुलटा केला, पाणी बदललं, पुन्हा रिठे. तात्या विहिरीवरून बैलांना पाणी आणावं तसे मुकाट घागरी आणत होते. मी दर धुण्यानंतर रबरावर पाण्याचे थेंब टाकून बघत होतो. थेंब मोत्यासारखे गोळा होऊन पळत होते तोवर तेल होतं. अखेर एका धुण्याला थेंब पळाला नाही, पसरला. मी "हां!" म्हणून इतक्या जोरात ओरडलो की शेवंताच्या हातातला तांब्या पडला.

सावलीत, वाऱ्याला सूट वाळायला एक अख्खा दिवस गेला. तो दिवस मी काढला कसा हे सांगता येणार नाही. साहेब दोनदा येऊन काही न विचारता परत गेले. मग मी जोडाच्या जागेवर पेट्रोलची जेमतेम ओली चिंधी एकदाच फिरवली, ती उडू दिली, जुनं सोल्युशन खरवडून काढलं आणि पहिल्यापासून सगळं केलं. वरून आणखी एक पातळ ठिगळ. या वेळी स्टोअरच्या दाराबाहेर तात्या स्वतः पहाऱ्याला बसले. मलासुद्धा आत जाऊ देईनात. "तुमीच म्हणला न्हवं, हात लावायचा न्हाई?"

बुडीच्या सकाळी दोन्ही तळव्यांनी जोड ताणून पाहिला. रबर ताणलं, जोड तसाच. श्रीपतीने न सांगता हात पुढे केले. अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलेलं. शेजारी आणखी दोन हात पुढे आले, सुरकुतलेले. तात्यांनीही आपलं नख कापलं होतं. त्या नखाने त्यांनी किती वर्षं चुना काढला असेल!

"मी चढवू का ह्याच्या अंगावर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना श्रीपतीचे लोकरी मोजे दिले, हातांत घालायला. म्हाताऱ्याने हातांत मोजे चढवले आणि गुडघ्यावर बसून लेकाची विजार इंचाइंचाने वर सरकवली, मी सांगितलं होतं तशी. इतक्या जपून सूट चढवणारा माणूस माझ्या सबंध नोकरीत मला दुसरा मिळाला नाही.

श्रीपती खाली गेला. दोरी माझ्या हातात. थोड्या थोड्या वेळाने मी एकदा ओढायचो, खालून एक ओढ परत यायची. म्हणजे ठीक आहे. तात्या दोरीकडे बघत होते, पाण्याकडे नाही. मागल्या वेळी ज्या सुमारास ती थरथर आली होती तो सुमार आला. मी ओढली. खालून काही नाही. पुन्हा ओढली. जोड सुटला असं मनाने घेतलंच. आणि मग एक ओढ आली, अशी सणसणीत की माझा तोल जाता जाता राहिला. गडी करवत चालवण्यात गुंतला होता, एवढंच. पुढे कधीतरी ओंडक्याचा अर्धा तुकडा भस्सकन वर आला आणि लगेच वर खेचायची खूण. त्याला बाहेर घेतल्यावर वरच्या माणसांनी दरवाजा सोडला आणि तो खाली बसल्याचा दणका ऐकू आला. खालच्या नदीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि ते चक्क खाली मातीतच बसले.

आता ते काम फार बदललं म्हणतात. श्रीपतीचा तो सूट पुढे निकालात निघाला, तेव्हा त्याचे तुकडे मी कुणाकुणाला बसायला वाटून टाकले. एक तरी ठेवायला हवा होता, तो जोडाचा. राहून गेलं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. श्रीपती काठावर उभा होता, दमलेला, पण ओठ लाल. तात्या त्याच्यासमोर आले. मोजे काढले. "बघू," म्हणाले, आणि त्यांनी बंडीची चेन हळूच खाली ओढली. आतलं पाणी नेहमीसारखं बाहेर आलं आणि त्यांच्या ओंजळीत सांडलं. त्यांचा चेहरा पडला. "आलंच की रं आत..." असं म्हणता म्हणता ते थांबले. ओंजळ तशीच धरून उभे राहिले. भोवती दातखिळी बसवणारी थंडी होती आणि जलाशयावरून वाफा निघत होत्या.

"मास्तर," ते म्हणाले, "ऊन हाय की वो पाणी!"

"व्हय तात्या. त्याच्याच अंगाचं ऊन."

म्हाताऱ्याने ते पाणी खाली टाकलं नाही. स्वतःच्या तोंडावरून फिरवलं.